भाऊबंदांना पंप, ड्रिल, शिडी वापरायला द्यावी तर कशी द्यावी?

प्रश्न (द्राक्षबागाईतदार, दिंडोरी तालुका)

नमस्कार. आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे आणि या वर्षी घराशेजारच्या तुकड्यात चौदा ओळींची नवी लागवड केली आहे. मोठ्या बागेत ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारणी होते. नव्या ओळींना मात्र मी सोळा लिटरचा, बॅटरीवर चालणारा पाठीवरचा पंप वापरतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझे थोरले चुलत भाऊ, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, दोन दिवसांसाठी म्हणून तो पंप घेऊन गेले. पाचव्या दिवशी त्यांच्या मुलाने तो आमच्या ओट्यावर आणून ठेवला. बाहेरून इतका लख्ख धुतलेला होता की मला उलट बरे वाटले.

त्याच संध्याकाळी मी नव्या ओळींवर सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी घेतली. नऊ ओळी झाल्या, अंधार पडला, म्हणून पाच राहिल्या. आठवड्याभरात त्या नऊ ओळींचे शेंडे वाकडे झाले आणि नवी पाने मिटत आलेल्या पंख्यासारखी अरुंद येऊ लागली, शिरा एकमेकींना खेटून आणि कडा करवतीसारख्या. राहिलेल्या पाच ओळी धडधाकट आहेत. चौकशी केली तेव्हा कळले की अण्णांनी उसातल्या चांदवेल या तणावर टू-फोर-डी हे तणनाशक मारले होते. मी विषय काढताच ते म्हणाले, "अरे, पंप धुऊन दिला की तुला!" आणि त्यावर मला पुढे बोलता आले नाही.

ही पहिलीच वेळ असती तर मी येथे लिहिले नसते. साडूंकडून ड्रिल परत आले ते चकच्या, म्हणजे बिट आवळण्याच्या, चावीविना, आणि एका मित्राकडे गेलेली अॅल्युमिनियमची शिडी दिवाळीपासून त्याच्याच पडवीत आहे. मागायला गेलो की मीच काही उसने मागायला आल्यासारखा संकोच वाटतो. आई म्हणते, पंपापायी भाऊ तोडू नकोस. पत्नी म्हणते, यापुढे कुणाला खिळासुद्धा द्यायचा नाही. दोघींचेही मला पटते, हीच अडचण आहे. नुकसानीविषयी अण्णांशी बोलावे का, बोलावे तर काय, आणि यापुढे वस्तू द्यायच्या झाल्यास त्या कशा द्याव्यात, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती.

उत्तर (शेतकरी, निफाड)

आधी नुकसानीचे निदान पक्के करू, कारण भावाशी बोलायचे ते त्याच्याच आधारावर. टू-फोर-डी रुंद पानांच्या वनस्पतींवर चालते, उसासारख्या गवतवर्गीय पिकाला ते सोसते, आणि द्राक्ष व कपाशी ही दोन पिके त्याला इतकी हळवी आहेत की टाकीच्या तळाशी राहिलेले घोटभर पाणीसुद्धा पुरते. शिवाय त्याचा एस्टर प्रकार उन्हात बाष्प होऊन शेजारच्या शेतात जातो, त्यामुळे शेजारी ऊस असला की पंपावर आळ घेण्यापूर्वी वाऱ्याचाही विचार करावा लागतो. वाऱ्याने आलेले नुकसान बांधाकडच्या कडेला जास्त असते आणि आत जाताना कमी होत जाते. आपल्याकडे ते बरोबर नवव्या ओळीशी थांबले आहे. अंधार पडला म्हणून राहिलेल्या पाच ओळींनी आपल्याला पुरावा दिला आहे, दोष पंपाचाच.

आता थोडे कडू लिहितो, राग मानू नये. अण्णा खोटे बोलले नाहीत. त्यांनी पंप खरोखरच धुतला, पण भांडे धुवावे तसा बाहेरून आणि वरवर धुतला, कारण टू-फोर-डी रबरी नळीत, वायसरात, गाळणीच्या जाळीत आणि लान्समध्ये, म्हणजे फवारणीच्या दांडीत, मुरते हे त्यांना ठाऊक नसावे. आपल्याला ते ठाऊक असावे, कारण आपण द्राक्षवाले आहात. पंप परत आला त्या क्षणी "अण्णांनी काय मारले होते?" एवढे एक वाक्य त्यांच्या मुलाला विचारले असते तर ही वेळ आली नसती.

पंप पुन्हा वापरायचाच असेल तर टाकी साध्या पाण्याने तीनदा विसळावी आणि दर वेळी ते पाणी लान्समधून बाहेर काढावे. मग टाकीभर पाण्यात मूठभर कपडे धुण्याचा सोडा विरघळवून, त्यातले थोडे लान्समधून काढून, बाकीचे नळीसकट रात्रभर तसेच ठेवावे. नोझल आणि जाळी काढून वेगळ्या धुवाव्यात. सकाळी पुन्हा दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने विसळावे. हे पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा वेलींच्या बुडाशी टाकू नये. एवढे झाल्यावर टाकीत साधे पाणी भरून ते वालाच्या किंवा टोमॅटोच्या दोन-चार रोपांवर फवारावे आणि काही दिवस पाहावे; शेंडा वाकडा झाला तर पंप अजून साफ नाही. इतके करूनही माझा सल्ला हाच की हा पंप आता तणनाशकासाठीच ठेवावा आणि द्राक्षाला दुसरा घ्यावा. आमच्या घरी तणनाशकाच्या पंपाच्या टाकीवर तांबड्या ऑइलपेंटचा हातभर पट्टा ओढलेला आहे आणि मागायला येणाऱ्याला आम्ही तोच देतो. पट्टा नसलेला पंप घराबाहेर जात नाही, मग सख्खा भाऊ आला तरी.

वेली लगेच छाटू नयेत. नवी फूट सरळ आणि पाने रुंद येऊ लागली तर वेल सावरतो. शंका वाटल्यास पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील किंवा आपल्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना पानांची छायाचित्रे दाखवावीत.

उत्तर (निवृत्त टूलरूम कामगार, पिंपरी-चिंचवड)

मी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये बत्तीस वर्षे होतो आणि त्यांपैकी सहा वर्षे हत्यारांच्या खिडकीवर बसलो. तिथे कामगाराला क्रमांक कोरलेले पितळी बिल्ले मिळत. त्याला ड्रिलबिट किंवा मायक्रोमीटर हवा असला की तो एक बिल्ला खिडकीत देई, मी तो त्या हत्याराच्या रिकाम्या खुंटीवर अडकवी, आणि हत्यार आले की बिल्ला परत जाई. यात कोणी कोणावर अविश्वास दाखवत नसे, कारण कारखान्याचा मॅनेजर आला तरी खिडकीची रीत तीच असे. आपला संकोच का होतो, याचे उत्तर मला यात दिसते. अण्णांसाठी एक रीत, साडूंसाठी दुसरी आणि मित्रासाठी तिसरी असली की प्रत्येक मागणी हा माणसाचा अपमान ठरतो. रीत एकच असली की ती भिंतीवरच्या पाटीसारखी होते आणि तिच्यावर कोणी रुसत नाही.

निवृत्तीनंतर मी घरच्या पडवीत तीन बाय सहा फुटांची प्लायवूडची फळी लावली आणि प्रत्येक हत्यार तिच्यावर ठेवून त्याची बाह्यरेषा काळ्या रंगाने आखून घेतली. पाना नेला की पान्याच्या आकाराची रिकामी जागा दिसते आणि तिथल्या खिळ्याला मी नेणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी अडकवतो. परत मागायला मला कधी जावे लागत नाही. ज्याच्या नावाची चिठ्ठी आहे तो चहाला आला की त्याचे लक्ष आपोआप फळीकडे जाते. एका मेहुण्यांनी तर चहाचा कप तसाच ठेवून घरी जाऊन पाइप रेंच आणून दिले होते.

आपल्या चकच्या चावीचे दुखणे जुने आहे. ती चावी ड्रिलच्या वायरीला, प्लगच्या टोकापाशी, जाड दोऱ्याने बांधून ठेवावी. म्हणजे ती हरवत नाही, आणि चावी लावायची म्हणजे प्लग काढून हातात घेणे भाग पडते, हा दुसरा फायदा. हत्यारांवर नाव घालावे. आपल्याकडे लग्नात आलेल्या तांब्यावर, वाटीवर नाव घालून घेण्याची पद्धत आहे आणि दुकानदार ते कोरूनही देतो. मग पान्यावर, ड्रिलवर, शिडीच्या पायरीवर नाव घालायला आपल्याला लाज का वाटावी हे मला कळलेले नाही. शिडी मित्राच्या पडवीत सहा महिने राहिली की त्याच्या घरातल्या मुलांना ती त्यांचीच वाटू लागते, यात त्यांची चूक नसते.

काही हत्यारे मात्र मी देत नाही आणि तसे तोंडावर सांगतो. धारेची हत्यारे, म्हणजे पटाशी, रंधा, कातरी, ही हाताला बसलेली असतात; एका खिळ्यावर रंधा गेला की पाते पुन्हा लावायला अर्धा दिवस जातो. सुतार आपली पटाशी दुसऱ्या सुताराच्या हातात सहसा देत नाही ते याचसाठी. मोजमापाची हत्यारेही देत नाही. व्हर्निअर एकदा फरशीवर पडला की तो दिसतो तसाच, पण खोटे बोलू लागतो. हातोडा, पाना, करवत, शिडी खुशाल न्यावी.

उत्तर (वकील, सातारा)

प्रश्न नात्याचा आहे आणि त्यासाठी न्यायालयात जावे असे मी मुळीच सुचवणार नाही. परंतु कायद्याने या व्यवहाराकडे कसे पाहिले आहे हे माहीत असले तर घरातले बोलणेही नेमके होते. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये कलम १४८ पासून निक्षेपाची, म्हणजे परत घेण्याच्या बोलीवर वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देण्याची, तरतूद आहे. उसनी नेलेली वाटीभर साखर परत करताना दुसरी साखर चालते, निक्षेपात मात्र जी वस्तू दिली तीच परत यावी लागते. आपण एरवी दोन्हींना सरसकट 'उसने' म्हणतो आणि अर्धे घोटाळे तिथेच होतात, कारण साखर वाटीत मावली की हिशेब मिटतो, पंप परत आला तरी तो कोणत्या अवस्थेत आला हे पाहायचे राहते.

घेणाऱ्याने त्या वस्तूची, सामान्य समजुतीचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यावी, असे कलम १५१ सांगते. तेवढी काळजी घेऊनही वस्तू गेली किंवा बिघडली, तर एरवी तो जबाबदार नसतो. ठरल्यापेक्षा वेगळा वापर केला आणि त्यात वस्तूचे नुकसान झाले, तर कलम १५४ नुसार भरपाई द्यावी लागते. म्हणून 'कशासाठी नेतोस?' हा प्रश्न आगाऊपणाचा नव्हे. वापर ठरलाच नसेल तर वेगळा वापर सिद्ध कसा करणार? मुदत संपल्यावर, न मागता, वस्तू परत करणे हे कलम १६० नुसार घेणाऱ्याचे काम आहे. फुकट दिलेली वस्तू मालकाला मुदतीपूर्वीही परत मागता येते, असे कलम १५९ म्हणते. मात्र ठरलेल्या मुदतीवर विसंबून घेणाऱ्याने काही काम हाती घेतले असेल आणि वस्तू अवेळी काढून घेतल्याने त्याचा झालेला तोटा त्याला मिळालेल्या फायद्याहून अधिक असेल, तर तेवढा जादाचा तोटा मालकाने सोसायचा. शिडीची मुदत आपण ठरवलीच नव्हती, त्यामुळे ती आजच मागण्यास कोणतीही अडचण नाही.

देणाऱ्याच्या बाजूचे कलम लोक विसरतात. वस्तूत जो दोष आपल्याला माहीत आहे आणि ज्यामुळे घेणाऱ्याला धोका होऊ शकतो, तो सांगणे कलम १५० नुसार देणाऱ्यावर बंधनकारक आहे. ग्राइंडरचे गार्ड निघालेले आहे, शिडीची तिसरी पायरी हलते, मोटारीच्या वायरीचे आवरण फाटले आहे, हे न सांगता वस्तू दिली आणि माणूस जखमी झाला, तर उत्तर आपल्याला द्यावे लागते. भाडे घेतले तर जबाबदारी वाढते, कारण मग दोष माहीत नव्हता हे म्हणणेही चालत नाही. ट्रॅक्टरचे तर निराळेच आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५ नुसार परवाना नसलेल्याच्या हाती वाहन देणे हाच मालकाचा अपराध आहे, मग तो पुतण्या का असेना.

आपल्या वेलींविषयी स्पष्टच लिहितो. वर सांगितलेले कलम १५४ दिलेल्या वस्तूच्या नुकसानीविषयी आहे. आपला पंप शाबूत आहे आणि नुकसान वेलींचे झाले आहे. शिवाय अखेरची फवारणी आपण स्वतः केली. त्यामुळे अण्णांकडे पैशांचा दावा म्हणून जाऊ नये, जे घडले ते त्यांना दाखवायला जावे.

उत्तर (गृहिणी व बागायतदार, रत्नागिरी जिल्हा)

आमच्याकडे पावसाळ्यानंतर आंबा कलमांच्या बागेत बेणणी असते आणि त्या महिन्यात ग्रास कटरला सोन्याचा भाव येतो. आमचे यंत्र टू-स्ट्रोकचे आहे. त्याच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ४० मिली टू-टी तेल मिसळावे लागते, कारण इंजिनाला वंगण मिळते ते त्या इंधनातूनच. दोन वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर ते घेऊन गेले. ते काही नवखे नव्हते, त्यांच्याकडे स्वतःचे यंत्र होते, फक्त ते त्या वेळी दुरुस्तीला गेले होते. पण त्यांचे फोर-स्ट्रोकचे, ज्यात तेलाची जागा वेगळी असते आणि टाकीत साधे पेट्रोल घालतात. सवयीच्या हाताने त्यांनी आमच्या यंत्रातही साधे पेट्रोल घातले. वीस मिनिटांत यंत्र जे थांबले ते दोरी ओढली तरी हलेना. पिस्टनवर उभे चरे पडले होते, सिलिंडरसकट बदलावा लागला. मला यातून एवढेच उमगले की अडाणी माणसापेक्षा त्या कामातला जाणता माणूस वस्तू लवकर बिघडवतो, कारण तो विचारत नाही आणि आपणही त्याला सांगायला धजत नाही.

भावोजींनी खर्च देऊ केला. यजमानांनी निम्मा घेतला. सगळा घेतला असता तर जाऊबाई दुखावल्या असत्या आणि काहीच घेतला नसता तर भावोजी पुन्हा आमच्या दारी आले नसते, असे मला आजही वाटते.

तेव्हापासून यंत्र एकटे जात नाही. सोबत मिसळून तयार केलेले, निळसर दिसणारे पेट्रोल बाटलीत भरून देतो आणि 'संपले तर फोन करा, दुसरे घालू नका' असे बजावतो. जमले तर आमचा गडीच यंत्रासह पाठवतो आणि त्याची मजुरी त्यांनी द्यावी असे ठरवतो. माझे माहेर घाटावरचे. तिथे सावड असायची, एकाचा एक बैल आणि दुसऱ्याचा एक बैल मिळून जोडी होई, पण बैलाबरोबर त्याचा धनीही शेतात येत असे. बैल नुसता कासऱ्याला धरून कोणी कोणाला देत नव्हते.

उत्तर (भाडेकरू, नागपूर)

सगळी उत्तरे देणाऱ्यांची आली आहेत, म्हणून मागणाऱ्याच्या बाजूने चार ओळी लिहितो. आम्ही दोन खोल्यांत राहतो. पडद्याचा रॉड लावायला वर्षातून एकदा ड्रिल लागते, ते विकत घेऊन ठेवायला जागाही नाही आणि तसे कारणही नाही. मागताना 'ताकाला जाऊन भांडे लपवू नये' एवढे मी पाळतो, म्हणजे कशासाठी, किती वेळ आणि भिंत विटांची की काँक्रीटची हे आधीच सांगतो, आणि भिंतीचा बिट माझ्या पैशाने नवा आणतो, कारण झिजतो तो बिट. जोरात घुसवण्याच्या नादात एकदा मी शेजारच्या काकांचे ड्रिल तापवले होते. वास येताच थांबलो आणि परत देताना तसे सांगितले. काकांनी कार्बन ब्रश बदलून घेतले, पैसे मी दिले, आणि पुढच्या वेळी त्यांनी हूं की चूं न करता ड्रिल दिले. न सांगता ठेवून आलो असतो तर काय झाले असते याचा मी पुष्कळदा विचार करतो. अर्थात, वहीत सही घेऊन ड्रिल देणाऱ्याकडे मी पुन्हा गेलो नसतो हेही खरे. फळीवरची चिठ्ठी मात्र चालेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. काल सकाळी अण्णांना बागेत घेऊन गेलो. वकील साहेबांनी लिहिल्याप्रमाणे पैशांविषयी काही बोललो नाही. फक्त नववी आणि दहावी ओळ शेजारीशेजारी दाखवली. ते बराच वेळ खाली बसून एकेक पान उलटून पाहत राहिले. मग म्हणाले, "हे माझ्या पाण्याने झालंय?" मी म्हटले, "नळीत राहिलं असणार, आणि मीही विचारलं नाही." जाताना ते काही बोलले नाहीत, पण दुपारी त्यांच्या मुलाने येऊन निरोप दिला की जुना पंप अण्णा ठेवून घेत आहेत, तुम्ही नवा घ्या, निम्मे पैसे ते देतील. रत्नागिरीच्या ताईंचे उत्तर त्यांनी वाचलेले नाही, तरी आकडा निम्म्याचाच आला.

शिडी काल संध्याकाळी स्वतः जाऊन आणली. मित्र म्हणाला, "अरे, मला वाटलं तू विसरलास." तिच्यावर आता नाव घालून घेणार आहे. फळीसाठी प्लायवूड आणायचे आहे.

एक शंका उरली आहे. वेलींच्या चार-पाच नव्या फुटींची पाने आता बरीच रुंद दिसत आहेत. अण्णांकडे गेलेल्या पंपाची चांगली लांब नळी नव्या पंपाला बसते, तशी ती काढून वापरावी का? सोड्याने धुतली तर चालेल?

निफाडचे शेतकरी

नळी वापरू नये. तिला हात न लावता जुन्या पंपालाच राहू द्यावी आणि टाकीवर तांबडा पट्टा ओढण्याचे अण्णांना आजच सांगावे, कारण पुढच्या मोसमात तो पंप त्यांच्याकडे मागायला आपल्याच गावातला कोणी द्राक्षवाला येणार आहे.